चुलींत गेलेलें शिल्प आणि आपली रसिकता

कलाकृतीकडे पाहण्याचा कंटाळा आणि कलावंताच्या दुःखाची कथा ऐकण्याची हौस, या दोन्ही गोष्टी आपल्या सुशिक्षित समाजांत एकत्र नांदतांना दिसतात. चित्र समोर टांगलेलें असलें तर आपण दोन क्षणांत पुढें सरकतों. परंतु त्या चित्रकारानें उपासमार कशी सोसली, आप्तांनीं त्याला कसें टाकलें, मरतांना त्याच्याजवळ कोण होतें, हें कोणी सांगूं लागलें कीं आपण सरसावून बसतों. ज्याला आपण रसिकता म्हणतों तिच्यांत कलेविषयींच्या जिज्ञासेचा भाग किती आणि परदुःखाच्या चवीचा भाग किती, हें एकदां निवडून पाहिलें पाहिजे.

पोलंडमधील शिल्पकार काताझिना कोब्रो हिच्या वांट्याला जें आलें आहे तें या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. तिच्याविषयीं ज्यांनीं थोडेंफार वाचलेलें असतें त्यांना बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते. १९४५ सालच्या थंडींत घरांत जळण नव्हतें, लहान मुलगी भुकेली होती. तेव्हां या बाईनें स्वतः घडविलेलीं लांकडी शिल्पें फोडून चुलींत घातलीं. ही हकीकत तिच्या मुलीनेंच पुढें जगाला सांगितली आहे. ती ऐकून कोणाचेंही मन द्रवेल, आणि तें द्रवावेंच. माझा आक्षेप मन द्रवण्याला नाहीं. डोळे पुसून झाल्यावर, जें जळालें तें काय होतें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो, हा माझा आक्षेप आहे. शिल्प जळाल्याचें ज्यांना दुःख होतें पण शिल्प समजून घ्यावेंसें वाटत नाहीं, त्यांची सहानुभूति ही त्या शिल्पाची दुसरी राखरांगोळी होय, असें मी म्हणतों. आणि तें कां म्हणतों हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा दिली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढील वाद अधांतरीं राहील. कोब्रोचा जन्म २६ जानेवारी १८९८ रोजीं मॉस्को येथें झाला. १९१७ सालीं, म्हणजे क्रांतीच्याच वर्षीं, तिनें तेथील चित्र, शिल्प व वास्तुकलेच्या विद्यालयांत प्रवेश घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मॉस्कोंतील एका रुग्णालयांत तिची व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की याच्याशीं ओळख झाली. मिन्स्क येथें १८९३ सालीं जन्मलेला हा तरुण लष्करी इंजिनियर होता. १९१६ सालीं आघाडीवर जखमी होऊन त्याचा एक हात आणि एक पाय गेला होता. पुढें दोघेंही कलेकडे वळलीं. स्मोलेन्स्क येथें मालेविचच्या विचारांच्या मंडळींत त्यांनीं काम केलें, लग्न केलें, आणि १९२२ च्या सुमारास तीं पोलंडमध्यें आलीं. १९२४ सालचें 'ब्लोक', १९२६ सालचें 'प्रेझेन्स', अशा नव्या कलावंतांच्या मंडळांत त्यांचीं नांवें आढळतात.

१९२९ सालीं या दोघांनीं चित्रकार हेन्रिक स्ताझेव्स्की आणि कवि यूल्यान प्शिबोश व यान ब्झेंकोव्स्की यांच्यासह 'अ. र.' नांवाचें मंडळ स्थापन केलें. या मंडळाजवळ पैसा नव्हता. त्यानें युरोपांतील नव्या कलावंतांकडे त्यांच्या कृति देणगी म्हणून मागितल्या, आणि त्यांनीं त्या दिल्या. आर्प, लेजे, एर्न्स्ट, श्विटर्स, फान डूसबुर्ख यांसारख्यांच्या कृतींचा असा जमविलेला संग्रह १५ फेब्रुवारी १९३१ पासून एका नगरसंग्रहालयांत लोकांसाठीं खुला झाला. हें संग्रहालय राजधानींत नव्हतें. तें होतें आमच्या नकाशांत 'लोड्झ' म्हणून छापलेल्या आणि तेथील लोक ज्याला 'वूच' म्हणतात त्या शहरांत. आणि वूच हें कापडगिरण्यांचें, धुराड्यांचें, मजुरांचें गांव. आपल्या गिरणगांवांत त्या वर्षीं असा संग्रह उभा राहिला असता तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

१९३६ सालीं त्यांना मुलगी झाली, आणि त्यानंतर कोब्रोचें अमूर्त शिल्पकाम जवळजवळ थांबलें. मग युद्ध आलें. युद्धानंतर पतिपत्नींत फाटलें. जर्मन अंमलांत तिनें आपली नोंद रशियन म्हणून करविली होती, या कारणासाठीं १९४९ सालीं तिला सहा महिन्यांची शिक्षा सुनावण्यांत आली. अपिलांत ती निर्दोष सुटली. फेब्रुवारी १९५१ मध्यें वूच येथेंच ती वारली. स्त्शेमिन्स्कीला १९५० सालीं संस्कृतिमंत्रालयाच्या आदेशानें कलाविद्यालयांतील अध्यापनावरून काढून टाकण्यांत आलें होतें. क्षयानें खंगून तो डिसेंबर १९५२ मध्यें गेला. आज तें विद्यालय त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.

चरित्र एवढेंच. आतां कामाकडे वळूं.

शिल्प म्हणतांच आपल्या मनांत एक भरीव आकृति उभी राहते: दगडाची, ब्राँझची किंवा मातीची, पण आंतून भरलेली आणि बाहेरून बंद. तिच्या कडेशीं ती संपते आणि हवा सुरू होते. कोब्रोनें नेमकी हीच कल्पना नाकारली. तिच्या मतें शिल्पकाराचा खरा पदार्थ अवकाश हा आहे. भरीव आकृति त्या अवकाशाचे आंतला व बाहेरचा असे दोन तुकडे पाडते, आणि मग एकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध उरत नाहीं. म्हणून शिल्पकारानें अवकाश अडवूं नये. त्याला वाट द्यावी, त्याचीं मापें पाडावीं, त्याचा ओघ पाहणाऱ्याला जाणवेल असें करावें. वेरूळच्या लेण्यांत उभें राहिलेल्या मनुष्याला हें नवें वाटूं नये. खांबांइतकीच खांबांमधली पोकळीही तेथें मनावर काम करीत असते. कोब्रोनें खांब जवळजवळ काढून टाकले आणि पोकळीलाच बोलावयास लावलें, असें म्हटलें तर चालेल.

१९३१ सालीं तिनें आणि स्त्शेमिन्स्कीनें मिळून अवकाशाची रचना व कालावकाशाच्या लयीचें गणित या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. चित्र आणि शिल्प यांमधील भेद त्यांत फार स्वच्छ मांडला आहे. चित्राला चौकट असते. चौकट ही त्याची जन्मजात मर्यादा. म्हणून स्त्शेमिन्स्कीनें आपल्या एकत्ववादांत चित्रांतून झुंज, नाट्य, रेषांची ओढाताण काढून टाकली, आणि चौकटीशीं व सपाट पृष्ठभागाशीं एकजीव झालेलें शांत चित्र मागितलें. शिल्पाला अशी चौकट नाहीं. त्याच्या भोंवतालचा अवकाश खोलीच्या भिंतीपर्यंत, भिंतीपलीकडे, थेट क्षितिजापर्यंत एकच आहे. तेव्हां शिल्पाची एकता स्वतःपुरती राहूं शकत नाहीं. ती साऱ्या अवकाशाशीं साधावी लागते. एकाच घरांत, एकाच टेबलावर बसून दोघांनीं केलेल्या विचाराच्या या दोन शाखा आहेत. त्यांतील दुसरी शाखा ही पहिलीची सावली नाहीं, हें येथेंच ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

एक उदाहरण घेऊं. १९२९ सालची 'अवकाशरचना (४)' ही कृति लांबीला ६४ सेंटिमीटर आणि रुंदीला व उंचीला ४० सेंटिमीटर, म्हणजे साध्या टेबलावर मावेल एवढीच आहे. रंगविलेल्या पोलादी पत्र्याचे तुकडे एकमेकांना जोडून ती केली आहे. रंग तांबडा, पिवळा, निळा आणि त्यांच्या जोडीला पांढरा, काळा, करडा. समोरून पाहतां जो पत्रा भिंतीसारखा रुंद दिसतो, तोच दोन पावलें बाजूला सरलें कीं नुसती एक रेघ होतो. पुढचा रंग मागें दडतो आणि मागचा अचानक पुढें येतो. एका जागीं उभें राहून हें शिल्प पुरतें दिसतच नाहीं. पाहणाऱ्याला भोंवतीं फिरावें लागतें, फिरण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळांत एकामागून एक उलगडणाऱ्या रूपांची जी चाल मनांत बसते तिला कोब्रो लय म्हणते. शिल्पांत वेळ आणणें, तेंही हलत्या यंत्राशिवाय, केवळ पाहणाऱ्याच्या पायांच्या मदतीनें आणणें, हा तिचा शोध होय.

आतां तीं मापें पुन्हां पाहा. ४० आणि ६४ यांचें प्रमाण ५ : ८ असें पडतें, आणि तें योगायोगानें पडलेलें नाहीं. ५, ८, १३ या संख्यांच्या प्रमाणांवर तिनें आपल्या रचना बांधल्या. ही संख्यामाला आपल्याला परकी नाहीं. मात्रावृत्तांतील लघु-गुरूंची मांडणी किती प्रकारांनीं होऊं शकते हें मोजतांना हेमचंद्रानें बाराव्या शतकांत हीच माला सांगितली आहे: १, २, ३, ५, ८, १३. मागच्या दोन संख्या मिळवाव्या म्हणजे पुढची मिळते. कोब्रोच्या पत्र्याचा आणि हेमचंद्राच्या छंदःशास्त्राचा एकमेकांशीं संबंध नाहीं. परंतु लयीचा हिशोब करूं गेलेलीं दोन माणसें, आठशें वर्षांच्या अंतरानें, एकाच संख्यांपाशीं येऊन थांबावीं, यांत लयीच्या स्वरूपाविषयीं कांहीं शिकण्यासारखें खचित आहे.

येथें आमचे पहिले प्रतिपक्षी पुढें येतात. ते म्हणतात, हें सर्व ठीक; पण पत्र्याचे तुकडे ते पत्र्याचे तुकडे. यांत माणूस कोठें आहे? भाव कोठें आहे? हा पोट भरलेल्या बुद्धीचा खेळ आहे, जीवनापासून काढलेला पळ आहे. हा आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा संगीताचे शौकीन असतात, म्हणून त्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. चांगल्या गवयाचा आलाप चालूं असतां, ज्यांत शब्द नाहींत, कथा नाहीं, कोणाचें वर्णन नाहीं, तेव्हां आपण मान डोलावितां. त्या वेळीं 'हें कशाचें चित्र आहे?' असें आपण गवयाला कधीं विचारलें काय? तेथें स्वरांचें अंतर, त्यांचें येणें-जाणें, त्यांची लय एवढ्यानें आपलें समाधान होतें. कानाला जो न्याय आपण लावतों तो डोळ्याला लावण्यास कां कचरतों? डोळ्यानें नेहमीं ओळखीचे चेहरेच शोधावे, आणि कानानें मात्र शुद्ध नादाचा आनंद घ्यावा, असा नियम कोठल्याही शास्त्रांत सांगितलेला नाहीं.

आणि 'पळ' म्हणावें तर तोही येथें नाहीं. कोब्रोच्या दृष्टीनें हे छोटे पत्रे म्हणजे प्रयोगशाळेंतील नमुने होते. मनुष्य घरांतून, कारखान्यांतून, रस्त्यांतून कसा हिंडतो, कोठें थांबतो, कोठें त्याची वाट विनाकारण अडते, याचा विचार करून त्याच्या हालचालीला योग्य लय देणारी वास्तु बांधतां यावी, हा तिचा अंतिम हेतु. तीसच्या दशकाच्या आरंभीं तिनें लहान मुलांच्या शाळेचा आराखडा केला, तो याच तत्त्वावर. मुलें कोठून आंत येतील, कोठें खेळतील, हा प्रश्न आणि दोन पत्र्यांमधील अंतर किती असावें हा प्रश्न तिच्या लेखीं एकच होता. बालवाडीच्या खोल्यांचा विचार करणाऱ्या बाईला जीवनापासून पळणारी म्हणणें हें, निदान, शब्दांचा फार सैल उपयोग करणें आहे.

पहिल्या पक्षाचा समाचार येथें संपवितों, कारण त्याचें अज्ञान उघड आहे आणि उघड अज्ञान सुधारतां येतें. माझें खरें भांडण दुसऱ्या पक्षाशीं आहे. हा पक्ष कोब्रोच्या बाजूचा आहे. तो तिची स्तुति करतो, तिच्यासाठीं हळहळतो, आणि हळहळतां हळहळतां तिला पुसून टाकतो.

हें कसें होतें तें पाहावें. चुलीची गोष्ट सांगणाऱ्याचा सूर बहुधा असा असतो: पाहा, एवढी मोठी कलावती, पण अखेर ती आई होती; लेंकरासाठीं तिनें आपली कला अग्नींत अर्पण केली! ऐकणारे माना हलवितात. घरांतील वडील मंडळी सुना-लेकींकडे अर्थपूर्ण दृष्टीनें पाहतात. आणि कोणाच्याही लक्षांत येत नाहीं कीं, ज्या स्त्रीनें अवकाशाविषयीं एक नवा सिद्धांत मांडला तिला आपण, तिच्याच गौरवाच्या निमित्तानें, पुन्हां चुलीपाशीं नेऊन बसविलें. थंडीनें कुडकुडणाऱ्या मुलासाठीं हातीं येईल तें लांकूड जाळणें हें कोणतीही आई करील. कोणताही बापही करील. त्यांत कोब्रोचें असामान्यत्व नाहीं. तें त्या लांकडाला तिनें दिलेल्या आकारांत होतें. ज्या कृत्यांत ती इतर लाखों स्त्रियांसारखी होती त्याबद्दल तिचें स्मारक करावयाचें, आणि ज्या कार्यांत तिच्यासारखे जगांत मोजकेच होते त्याबद्दल मौन धरावयाचें, हा कसला न्याय?

ही गोष्ट आपल्याला एवढी कां आवडते, याचें कारण अप्रिय असलें तरी सांगितलें पाहिजे. ती आपल्या मनांतील एका जुन्या अपेक्षेला गोंजारते. स्त्रीच्या बुद्धीचें शेवटचें सार्थक ती बुद्धि घरासाठीं होमण्यांत आहे, असें आपण आतां उघड बोलत नाहीं. शिकलेल्या माणसानें तसें बोलूं नये एवढें आपल्याला कळूं लागलें आहे. परंतु दूरच्या देशांतील कोणी बाई तसें करतांना दिसली कीं आपले डोळे भरून येतात, आणि आपण त्या पाण्याला रसिकता असें नांव देतों. त्याग हा शब्द येथें वापरूं नये. त्याग स्वेच्छेचा असतो. त्या थंडींत कोब्रोपुढें कोणता दुसरा पर्याय होता? तिची ती लूट झाली. युद्धानें केली, दारिद्र्यानें केली, आणि ज्यांनीं तिला आधार द्यावयाचा त्यांनींही केली. लुटीला त्याग म्हणून गौरविणें म्हणजे लुटणाऱ्याला पावती लिहून देणें होय.

'ज्यांनीं आधार द्यावयाचा' असें मी म्हटलें, त्याचा खुलासा केला पाहिजे. स्त्शेमिन्स्की हा मोठा चित्रकार होता, मोठा शिक्षक होता, आणि राज्यसत्तेनें त्याच्यावर केलेला अन्याय हा निखालस अन्याय होता. परंतु त्यांच्या मुलीनें १९९१ सालीं आईबापांविषयीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्यांत घरांतील स्त्शेमिन्स्कीचें वर्तन किती कठोर, प्रसंगीं हिंस्र होतें, हेंही लिहून ठेविलें आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयीं खऱ्या असूं शकतात. एकीनें दुसरी फिटत नाहीं. बाहेर सोसलेल्या छळाची वजाबाकी घरांत केलेल्या छळांतून करतां येत नाहीं. आंद्झेय वायदा या नामवंत दिग्दर्शकाचा २०१६ सालचा अखेरचा चित्रपट स्त्शेमिन्स्कीच्या शेवटच्या वर्षांवर आहे. सत्तेपुढें न वांकणाऱ्या कलावंताचें तें चित्र प्रभावी आहे यांत शंका नाहीं. पण त्यांत कोब्रो हें पात्रच नाहीं. तिचा मृत्यु येतो, ती येत नाहीं. म्हणजे एके ठिकाणीं चुलीपाशीं बसलेली माता, आणि दुसरे ठिकाणीं पडद्याबाहेर ठेवलेली पत्नी. शिल्पकार मात्र दोन्हींकडे गैरहजर.

कोणी म्हणेल, चित्रपट एका माणसावर असूं शकतो. प्रत्येक कथेंत सर्वांना जागा कोठून असणार? हें मान्य. पण स्त्शेमिन्स्कीच्या कामाचीही त्या कीर्तींत फारशी चौकशी होत नाहीं, हें लक्षांत घ्यावें. त्याचा तुटलेला हात, त्याच्या कुबड्या, त्याचें हिरावलेलें अन्न लोकांच्या ध्यानांत राहतें; एकत्ववाद म्हणजे काय, हें ज्यांच्या ध्यानांत राहतें असे थोडे. करुणकथेला पतीपत्नी हा भेद नसतो. ती दोघांनाही सारख्याच आवडीनें गिळते.

या ठिकाणीं आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. राज्यकर्त्यांनीं छळलें म्हणून कला श्रेष्ठ ठरते, असें मानण्याकडे हल्लीं कल दिसतो. १९४८ सालीं वूच येथील संग्रहालयाचे संचालक मार्यान मिनिख यांच्या सांगण्यावरून स्त्शेमिन्स्कीनें तेथें एक दालन रचलें. त्याच्या भिंतींवर व छतावर मूळ रंगांचे आयत होते, आणि त्या रंगांच्या मधोमध कोब्रोचीं शिल्पें ठेवलेलीं होतीं. समाजवादी वास्तववाद हाच कलेचा एकमेव मार्ग असें ठरल्यावर, १९५० सालीं, तें दालन मोडून टाकण्यांत आलें. दहा वर्षांनीं, १९६० सालीं, स्त्शेमिन्स्कीचाच विद्यार्थी बोलेस्वाव उत्किन यानें तें पुन्हां उभें केलें. हा इतिहास महत्त्वाचा आहे. पण त्यावरून शिल्पांची योग्यता सिद्ध होत नाहीं. सत्तेनें सुमार कवींनाही तुरुंगांत टाकलें आहे, आणि थोर चित्रकारांना पदकेंही दिलीं आहेत. सत्तेची नापसंती ही आपल्या आवडीची कसोटी झाली, तर आपली आवडनिवड अखेर सत्तेच्याच हातीं राहिली असें होईल. तें दालन पुन्हां उभारण्यासारखें होतें, तें मोडलें गेलें म्हणून नव्हे. त्यांत रंग, भिंत, शिल्प आणि फिरणारा माणूस यांचा एक मेळ खरोखर जमला होता म्हणून.

माझ्या मतावर एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आक्षेप असा कीं, जीवन आणि कार्य यांची अशी फारकत करतां येते काय? मनुष्य दुःखांतूनच घडतो. त्याचें दुःख बाजूला ठेवून त्याची कृति पाहणें म्हणजे मूळ तोडून फूल पाहण्यासारखें नाहीं काय? शिवाय सामान्य वाचकाला पत्र्याच्या प्रमाणांत गोडी वाटत नाहीं. कथेच्या बोटाला धरून तरी तो दाराशीं येईल.

याचें उत्तर असें. जीवन लपवावें असें मी म्हटलेलें नाहीं. या लेखांतच मीं तें सांगितलें आहे. पण चरित्राचा उपयोग कृतीवर प्रकाश पाडण्यासाठीं असतो, आणि तसा उपयोग करणारें चरित्र निराळ्या गोष्टी टिपतें. क्रांतीच्या काळांतील मॉस्कोंत, जेथें सर्वच नव्यानें बांधावयाचें आहे असें तरुणांना वाटत होतें, तेथें तिचें शिक्षण झालें. म्हणून शिल्पाला तिनें वास्तूची पूर्वतयारी मानलें. मालेविचच्या वर्तुळांत ती वाढली, पण त्याच्या गूढवादाऐवजीं तिनें मोजणी पत्करली. म्हणून तिच्या रचनेंत संख्या आल्या. ह्या गोष्टी चरित्राच्याच आहेत आणि त्या थेट कृतीच्या गाभ्याशीं नेतात. चुलीची गोष्ट मात्र १९२९ सालच्या पत्र्याविषयीं एक अक्षरही सांगत नाहीं. सोळा वर्षांनीं घडलेली घटना तो पत्रा कसा घडला हें सांगणार कशी? आणि कथेच्या बोटाला धरून दाराशीं आलेल्या वाचकाविषयीं एवढेंच म्हणावयाचें कीं, तो दाराशीं येतो हें खरें. पण कथा संपतांच तेथूनच परत जातो. दार उघडून त्याला आंत नेण्याचें काम लेखकांचें व शिक्षकांचें, आणि तेंच आम्ही अंगाबाहेर टाकीत आलों आहों.

जगानें हें काम अगदींच सोडून दिलें आहे असें नाहीं. हरवलेल्या कांहीं शिल्पांच्या प्रतिकृति, विशेषतः १९२१-२२ च्या सुमाराच्या लोंबत्या रचनांच्या, जुन्या छायाचित्रांवरून नंतर तयार करण्यांत आल्या. इंग्लंडांतील लीड्स येथें १९९९ सालीं तिच्या कामाचें प्रदर्शन झालें. माद्रिदला २०१७ सालीं आणि पॅरिसला २०१८-१९ सालीं तिचें व स्त्शेमिन्स्कीचें काम शेजारीं शेजारीं मांडण्यांत आलें. अशा प्रदर्शनांत फिरणाऱ्याच्या पायांना जी लय सांपडते ती कोणत्याही शोककथेंत सांपडणारी नाहीं. आपल्याला तेथें जातां येत नसेल, पण उत्तम छायाचित्रें आज कोणालाही मिळूं शकतात. एकाच शिल्पाचीं चार बाजूंनीं घेतलेलीं चार छायाचित्रें समोर मांडावीं, आणि एकावरून दुसरें, दुसऱ्यावरून तिसरें असें पाहत जावें. ज्या घरांत मुलें भूमिति शिकतात त्या घरांत हें कठीण जाऊं नये. मोठ्यांपेक्षां मुलांनाच तें आधीं कळेल, असा माझा शिक्षक या नात्यानें समज आहे.

माझी मागणी लहान आहे. कोब्रोविषयीं, किंवा तिच्यासारख्या कोणाविषयींही, लिहितांना, व्याख्यान देतांना, घरांत मुलांना सांगतांना, आपण क्रम तेवढा बदलावा. आधीं तिनें काय केलें तें सांगावें, तें कसें केलें तें दाखवावें, त्याच्याशीं वाद घालावयाचा असेल तर घालावा. तिचें मत चुकीचें वाटलें तर तसें स्पष्ट म्हणावें, कारण मत खोडून काढणें हाही विचारवंताचा मानच आहे. आणि मग, तें सर्व समजल्यावर, त्यांतील कांहीं चुलींत गेलें हें सांगावें. त्या वेळीं ऐकणाऱ्याला जें दुःख होईल तें निराळें असेल. तें एका अनोळखी आईविषयींचें हळवेपण नसेल. आपल्याला जें समजूं लागलें होतें तें हातांतून गेलें, याची ती बोंच असेल. तशी बोंच ज्यांना लागेल त्यांच्या घरांतील मुलगी उद्यां कागदावर कांहीं अनाकलनीय रेघा ओढूं लागली, तर ते तिला स्वयंपाकघरांत हांक मारण्यापूर्वीं, ती काय मोजते आहे, हें एकदां विचारतील.